शाळेच्या परसबागेचं पॅकेज, आठ महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला तेही सांगते, कारण शाळेसाठी असं पॅकेज घ्यावं की नाही हे गेल्या जूनमध्ये मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं, आणि आता दर आठवड्याला कुठल्या तरी शाळेतल्या मॅडमचा फोन येतो की बाग कुणाकडून केली, किती लागले, पोरं नासधूस करत नाहीत का.

मी सातवीला शिकवते, सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत. वर्गात ३४ मुलं, निम्म्याहून जास्त जणांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू, आईवडील यंत्रमागावर नाहीतर विड्या वळायच्या कामावर. ग्राऊंड म्हणजे सगळा मुरूम, एका कोपऱ्यात मोठा कडुलिंब, आणि कंपाऊंडच्या भिंतीला लागून ४० बाय २५ फुटांची पट्टी जिथे जुन्या बांधकामाचा राडारोडा पडलेला होता. ती पट्टी मला कित्येक दिवस खुणावत होती. परिसर अभ्यास असो नाहीतर विज्ञान, पुस्तकात मूळ, खोड, पान वाचायचं आणि खिडकीतून बाहेर मुरूम बघायचा, हे काही मनाला पटत नव्हतं.

तर या नर्सरीचं शाळांसाठीचं पॅकेज १४,५०० ला सांगितलं, बोलून बोलून १२,००० ला झालं. त्यात दोन ब्रास माती, शेणखत, गांडूळखताच्या ८ पिशव्या, ६० रोपं, भाजीच्या बियांची पाकिटं, २०० लिटरच्या ड्रमवर चालणारं ठिबक, मुलांसाठी १० खुरपी, ४ झाऱ्या आणि माळ्याच्या तीन व्हिजिट. पैसे थोडे शाळा व्यवस्थापन समितीनं काढले, थोडे आम्ही शिक्षकांनी.

मालक फोनवर म्हणाले होते की दोन ब्रासमध्ये तुमची पूर्ण पट्टी भरून निघेल. मी ते तसंच फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, निघेल का? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, दोन ब्रास २००, पट्टीचं क्षेत्रफळ १,००० चौरस फूट, भागाकार केला तर ०.२ फूट, म्हणजे जेमतेम अडीच इंच. अडीच इंचात मेथीसुद्धा धड येणार नाही हे पोरांनीच सांगितलं. मग किती जागेत टाकली तर एक फूट थर बसेल यावर अर्धा तास नुसता गोंधळ चालला होता, आणि शेवटी ३ बाय १६ फुटांचे चार वाफे ठरले, म्हणजे १९२ चौरस फूट. तीन फूट रुंदी यासाठी की दोन्ही बाजूंनी बसलं तर मुलाचा हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. घनफळ मी दरवर्षी शिकवते, पण पोरं एवढ्या ईर्ष्येनं भांडताना मी पहिल्यांदा बघितली.

माती आली तेव्हा अजून एक गोष्ट झाली. पहिला टेम्पो चांगल्या काळ्या मातीचा होता, दुसऱ्या टेम्पोतली माती दिसायला तशीच पण हाताला खरखरीत लागत होती. आम्ही दोन्हीतली मूठ मूठ माती पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्यांत टाकली, वर पाणी भरून जोरात हलवली आणि वर्गाच्या खिडकीत ठेवली. पहिल्या बाटलीत खाली थोडी वाळू बसली आणि वरचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गढूळच होतं, कारण चिकणमातीचे कण इतके बारीक की ते लवकर खालीच बसत नाहीत. दुसऱ्या बाटलीत पाच मिनिटांत तळाशी जाड खड्याचा थर आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी, म्हणजे निम्मा मुरूमच. पोरांनी बाटल्यांना पट्टी लावून फोटो काढले, मी ते मालकांना पाठवले. मला वाटलं होतं वाद होईल, पण त्यांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी अर्धा ब्रास चांगली माती पाठवली, भाडंही घेतलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, चूक झाली तर निस्तरतात. पण चूक पकडावी लागते, त्यामुळे टेम्पो रिकामा व्हायच्या आधी बाटली हलवून बघा.

आता माळी मामांबद्दल. पासष्टीच्या पुढचे असतील, धोतर, टोपी, बोलणं कमी. पहिल्या व्हिजिटला मला वाटलं ते भराभरा रोपं लावून निघून जातील, तसं झालं असतं तर मी हा रिव्ह्यू लिहिलाच नसता. त्यांनी एक वांग्याचं रोप लावून दाखवलं आणि खुरपं खाली ठेवून लिंबाखाली बसून राहिले. पोरं चुकत होती, कुणी मूळ दुमडून लावतंय, कुणी खोड गळ्यापर्यंत पुरतंय, आणि मामा गप्प. माझी घालमेल होत होती. एका पोरानं येऊन विचारलं, "मामा, बरोबर हाय का बघा की," तेव्हा ते उठले, त्याच्याच हातानं रोप काढायला लावलं आणि त्यालाच परत लावायला सांगितलं. तीन तास चाललं हे. ६० रोपं माणसानं एकट्यानं लावली तर तासाभराचं काम. त्या जास्तीच्या दोन तासांसाठी मी पुन्हा १२,००० देईन.

वाफसा हा शब्द पोरांना त्यांच्याकडून मिळाला. पाऊस पडून गेला की पोरं लगेच खुरपी घेऊन पळायची आणि काळी माती चिखल होऊन चपलेला किलोकिलोनं चिकटायची. मामांनी मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला, गोळा तसाच बसला तर अजून थांबायचं, फुटून मोकळा झाला तर वाफसा आला, आता हात घाला. तेव्हापासून रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी दोघं जण गोळा सोडून बघतात आणि वर्गात येऊन सांगतात, "आला मॅडम" नाहीतर "नाही अजून".

अंबाडीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, जून-जुलै दोन महिने तिनं मराठीत एक वाक्य पूर्ण बोललं नव्हतं, घरी फक्त तेलुगू. अंबाडी हातभर झाली तेव्हा मी वाफ्यापाशी उभी राहून नाव विचारत होते आणि ती एकदम मागून मोठ्यानं म्हणाली, गोंगूरा! आणि मग थांबेचना, आई कशी खुडते, कुठली पानं घ्यायची, किती आंबट लागते, अर्धं तेलुगू अर्धं मराठी. मग कन्नड बोलणारा एक जण म्हणाला आमच्यात पुंडी म्हणतात. त्या दिवशी आम्ही चारही वाफ्यांना चार भाषांतल्या पाट्या लावायचं ठरवलं, जिथे नाव माहीत नाही तिथे घरी आजीला विचारून यायचं. शेवग्याला तेलुगूत मुनग, कन्नडमध्ये नुग्गे, वांग्याला वंकाय आणि बदनेकाई. पाट्या रंगवल्या जुन्या पत्र्यांच्या डब्यांवर. आता ती मुलगी प्रत्येक पाहुण्याला पाट्या वाचून दाखवते, मराठीतून.

आता एक स्टार कशाचा कापला ते.

सगळ्यात गंभीर म्हणजे ६० रोपांत शोभेची म्हणून सहा कण्हेरी आणि चार डायफेनबॅकिया पाठवले होते. कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळं विषारी असतं, आणि डायफेनबॅकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिच्या बियांनी तर पोरं खेळतात, त्या अजूनच वाईट. पहिलीची मुलं ज्या शाळेत फिरतात तिथे ही झाडं पाठवायचीच कशी? रस्त्याच्या दुभाजकात ठीक आहे. मी ती दहाही रोपं परत केली आणि बदल्यात कढीपत्ता, गवती चहा, तुळस आणि सदाफुलीऐवजी झेंडू घेतला, कारण सदाफुलीसुद्धा पोटात जायला नको. बदलून दिलं लगेच, पण शाळांच्या यादीतून ही झाडं कायमची काढा ही माझी मालकांना हात जोडून विनंती आहे.

डाळिंबाचं रोप आम्ही मागितलं होतं, सोलापूर म्हणजे डाळिंब आलंच, त्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय हे पोरांना पाठ आहे. मामांनीच नको म्हणून सांगितलं, काटे लागतात आणि तेल्या रोग आला की फवारण्यांशिवाय निभत नाही, शाळेत फवारे कुठे मारता. पटलं. विकायचं सोडून नको म्हणणारा माणूस नर्सरीत असतो याचं मला फार बरं वाटलं.

खुरपी अगदी हलकी निघाली. तिसऱ्या आठवड्यात दहापैकी सहांच्या मुठी निघून हातात आल्या. मग लोहाराकडून लहान मुठीची आठ करून घेतली, ती अजून तशीच आहेत. पॅकेजमधून खुरपी वजा करायला सांगा आणि तेवढे पैसे लोहाराला द्या. झाऱ्या चांगल्या आहेत, फक्त भरल्यावर तिसरी-चौथीच्या मुलांना जड होतात, अर्ध्याच भरायच्या.

ठिबक चालतं, पण सांगितलं तसं नाही. ड्रम तीन फूट उंच विटांच्या ओट्यावर ठेवलाय. पोरांनी ड्रमजवळच्या आणि टोकाच्या ड्रिपरखाली एकसारख्या बाटल्या लावल्या, पंधरा मिनिटांत जवळच्यात १८० मिली, टोकाला ११०. त्यांनी पाच दिवस आकडे घेतले, सरासरी काढली, आलेख काढला, आणि मग जास्त पाणी लागणारा पालक ड्रमजवळ आणि गवार टोकाला असं स्वतःच ठरवलं. बोअरचं पाणी जड असल्यानं ड्रिपरला पांढरा क्षार धरतो, महिन्यातून एकदा काढून साफ करावे लागतात, हे आधी सांगायला हवं होतं. आणि ड्रमला झाकण नव्हतं! उघड्या साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो हे आम्हीच पाचवीला शिकवतो. झाकण मागून घ्या, आणि आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामा करून घासून कोरडा करा.

पाण्यावरनं आठवलं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, काही दिवसाआड येतो, त्यामुळे बागेला पाणी कुठून आणणार हा पहिला प्रश्न पालकांनीच विचारला होता. जुलैत पोरांनी सरळ भिंतीच्या बरणीला पट्टी चिकटवून पर्जन्यमापक केला. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी, हे एकदा डोक्यात बसलं की गणित फार सोपं आहे. खिचडी शिजते त्या शेडचा पत्रा १२ बाय ५ मीटर, म्हणजे ६० चौरस मीटर, एका रात्री २० मिलिमीटर पाऊस पडला तर १,२०० लिटर, आमचे सहा ड्रम! पोरं तो आकडा बघून अक्षरशः गप्प झाली आणि मग एक जण म्हणाला, मॅडम, एवढं सगळं गटारीत गेलं? पुढच्या पावसाळ्याआधी पत्र्याला पन्हळ लावून घ्यायची हा अर्ज त्यांनी स्वतः लिहून मुख्याध्यापकांना दिलाय.

लिंबाच्या झाडावर म्हणजे कागदी लिंबावर सप्टेंबरात अळ्या आल्या, लहान असताना अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. दुसऱ्या व्हिजिटला मामांऐवजी नर्सरीतला एक तरुण मुलगा आला होता, त्यानं आल्या आल्या पंप काढला, "औषध मारून देतो, फ्री आहे." मी मारू दिलं नाही. फोनवर मामांना विचारलं तर म्हणाले, दोन झाडं आहेत ना, एक त्यांना द्या. मग एका झाडावरच्या अळ्या उचलून दुसऱ्यावर ठेवल्या, कोष झाले, नवव्या दिवशी सकाळी परिपाठ चालू असताना एक फुलपाखरू बाहेर आलं आणि ओले पंख वाळवत बसलं. शंभरेक मुलं एवढ्या शांततेत उभी राहिलेली मी तेव्हाच बघितली. ते झाड नंतर पुन्हा पालवलं. शाळेत फवारणी नको हे व्हिजिटला येणाऱ्या प्रत्येकाला नर्सरीनं आधीच सांगून ठेवावं.

चौथ्या वाफ्यात सप्टेंबरच्या शेवटी ज्वारी पेरली, ती पॅकेजमध्ये नव्हती, मामांनी घरून ओंजळभर मालदांडी आणून दिली. आपली मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध आहे, पण पोरांनी ज्वारी फक्त भाकरीत बघितलेली. शेतात खोल काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर ती येते, आमच्याकडे खाली मुरूम आणि वर फूटभरच माती, त्यामुळे दोनदा पाणी द्यावं लागलं, आणि का द्यावं लागलं हाच धडा झाला. गड्ड्याची, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची, सुट्टी संपून आलो तर कणसं हुरड्यावर आलेली आणि चिमण्यांनी वरची बाजू साफ केलेली. उरलेला हुरडा लिंबाखाली भाजला, प्रत्येकाच्या वाट्याला दोन चिमट्या आल्या असतील.

वर्ग सोडून बाहेर बसवता तर सिलॅबस कसा होतो, असं काही पालक विचारतात. वर लिहिलंय त्यात घनफळ, सरासरी, आलेख, माती, पाऊस, कीटकाचं जीवनचक्र, अर्जलेखन सगळं आलं, वेगळा तास लागला नाही. आणि हे काही नवीन फॅड नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला हेच केलं, गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात नेली. अंगणात भरणारी बालवाडी ही कल्पनासुद्धा ताराबाईंचीच. आता दप्तराविना शनिवार आलाय, तर तो शनिवार वर्गात बसून घालवायचं कारणच नाही.

सुट्टीचं नियोजन हा पॅकेजमधला सगळ्यात मोठा खड्डा आहे. दिवाळीच्या सुट्टीत काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही, परत आलो तेव्हा १४ रोपं वाळली होती, त्यात मुलांनी बियांपासून केलेली टोमॅटोची सगळी गेली. एक मुलगा त्या वाफ्यापाशी बराच वेळ उकिडवा बसून होता, मला बघवलं नाही. आता उन्हाळ्यासाठी मामांनी तिसऱ्या व्हिजिटला सांगितलंय ते असं, एप्रिलअखेर भाजीचे वाफे रिकामे करायचे, वर वीतभर उसाचं पाचट अंथरायचं आणि माती झाकून ठेवायची. फक्त शेवगा, कढीपत्ता, लिंबू जगवायचे, त्यांच्या बुडाशी कुंभाराकडची न रंगवलेली मडकी गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरून झाकण ठेवलं की पाझरत पाझरत चार-पाच दिवस ओल राहते. आठ मडकी आणली, शेजारच्या गल्लीतले दोन पालक आळीपाळीनं भरणार आहेत. पाचट मात्र मुलांना हातानं उचलू देत नाही, आधी काठीनं हलवायचं, खाली विंचू असू शकतो.

पालक-मेथी खिचडीत जाते, आठवड्यातून एकदा तरी. ज्यांनी घरी कधी पालेभाजी खाल्ली नाही ती पोरं आपल्या वाफ्यातली म्हणून परत मागून घेतात, स्वयंपाकाच्या मावशी याला साक्षी आहेत.

घेणार असाल तर एवढं करा. व्हर्टिकल गार्डन आणि आर्टिफिशियल लॉनचे फोटो दाखवतात, त्यावर एक रुपया घालू नका, त्यात मुलांना करायला काही नाही. खुरपी वजा, ड्रमला झाकण, शोभेची झाडं वजा आणि तीनऐवजी पाच व्हिजिट मागा, दिवाळीच्या आधी एक आणि मार्चमध्ये एक हवीच. आणि बिलावर लिहून घ्या की माळी मामाच येतील, गुरुवारी ते दुसरीकडे असतात, बाकी दिवशी सकाळी आठला येतात. आम्ही जूनसाठी पुन्हा ऑर्डर दिलीये, यावेळी यादी सातवीच्या पोरांनी केली, त्यात सगळ्यात वर लिहिलंय: अंबाडीचं बी, दोन पाकिटं.